मतं जास्त, तरी हार कशी? अमेरिकेच्या प्रायमरीवर नागपूरकरांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण अमेरिकेतले पक्ष राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडतात यावर लिहिलं होतं, म्हणजे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान) काय, कॉकस (त्यासाठीच भरणारी लोकांची सभा) काय, डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) काय वगैरे. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, आणि बहुतेकांनी पद्धतीपेक्षा उमेदवारांवरच विचारलंय, कोण बरोबर खेळलं, कोणावर अन्याय झाला. या वेळी सगळं सदर त्यालाच देतोय.

आमच्या घरी 2008 वरून अजून वाद होतो. हिलरी क्लिंटननी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो सगळी मोठी राज्यं जिंकली, मग ओबामांना तिकीट मिळालंच कसं? माझ्या मते पक्षातल्या मोठ्या लोकांनी हिलरीबाईंचा गेम केला. — एक वाचक, सक्करदरा

ताई, गेम वगैरे काही झाला नाही, आणि हे मी हिलरी क्लिंटनबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतोय. झालं काय, की डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकलं म्हणून त्या राज्याचे सगळे डेलिगेट तुमचे होत नाहीत, मतांच्या प्रमाणात वाटणी होते, 15 टक्क्यांच्या वर ज्याला मतं पडली त्याला त्याचा वाटा मिळतो. म्हणजे मोठं राज्य थोडक्यात जिंकून हातात फारसं काही पडत नाही. आता 5 फेब्रुवारी 2008 चा सुपर ट्यूजडे घ्या, वीसच्या वर राज्यांत एकाच दिवशी मतदान. त्या दिवशी न्यू जर्सीत दहा लाखांच्या वर लोकांनी मत दिलं, हिलरी जिंकल्या, डेलिगेट मिळाले 59 विरुद्ध 48, म्हणजे आघाडी 11 ची. आणि त्याच दिवशी आयडाहो नावाच्या बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात, जिथं डेमोक्रॅट नोव्हेंबरमध्ये जिंकायचं स्वप्नही बघत नाहीत, तिथं कॉकसला वीस-एकवीस हजार लोक आले, त्यातले जवळपास 80 टक्के ओबामांकडे गेले, आणि डेलिगेट 15 विरुद्ध 3. आघाडी 12 ची! अख्ख्या न्यू जर्सीपेक्षा एक जास्त.

हे आपोआप झालं नाही. ओबामांच्या लोकांनी आयडाहोत आधीपासून ऑफिस उघडलं होतं, कार्यकर्ते पाठवले होते, मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी ओबामा स्वतः तिथं जाऊन सभा घेऊन आले. कॉकस म्हणजे नुसतं बटण दाबून घरी येणं नाही, ठरलेल्या वेळी संध्याकाळी एखाद्या शाळेत नाहीतर हॉलमध्ये जमायचं, तासन् तास थांबायचं, सगळ्यांसमोर आपल्या उमेदवाराच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. तिथं ज्याची माणसं चिकाटीची, तो जिंकतो. हिलरींच्या टीमचा हिशोब असा होता की सुपर ट्यूजडेलाच सगळं आटपेल, त्यामुळे पुढच्या राज्यांत तयारीच नव्हती, आणि त्या फेब्रुवारीत ओबामांनी लागोपाठ 11 ठिकाणी बाजी मारली. नंतर हिलरी ओहायोत जिंकल्या, पेनसिल्व्हेनियात जिंकल्या, पण वाटणी प्रमाणात असल्यामुळे गेलेली आघाडी भरूनच निघेना. टेक्सासचं तर आणखी वेगळं, तिथं प्रायमरीही होती आणि त्याच रात्री कॉकसही, मतदान हिलरींनी जिंकलं पण कॉकस धरून एकूण डेलिगेट ओबामांचे जास्त निघाले.

पक्षातल्या मोठ्या लोकांचं म्हणाल तर सुपरडेलिगेट म्हणून जे जवळपास 800 लोक होते, खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, त्यातले बरेच सुरुवातीला हिलरींच्याच बाजूनं होते, ते ओबामांकडे सरकले ते ओबामांची आघाडी दिसल्यावर. आणि फ्लोरिडा-मिशिगनवर अन्याय झाला असं तुमच्या पत्रात पुढं आहे, तर त्या दोन राज्यांनी पक्षाचा नियम मोडून तारीख आधी घेतली म्हणून शिक्षा होती, मिशिगनमध्ये ओबामांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच, ते निकाल जसेच्या तसे धरणं कोणत्याच हिशोबानं बरोबर झालं नसतं. ज्यानं नियमाचं पुस्तक नीट वाचलं आणि छोट्या राज्यातल्या माणसालाही विचारलं तो जिंकला, मला तरी यात काही चुकीचं दिसत नाही.

हे लोक प्रायमरीत एकमेकांले एवढं बोलून राह्यले, इज्जत काढून राह्यले, आन् नंतर गळ्यात गळे! मंग ते भांडण काय नाटक असते काय? — एक वाचक, महाल

नाही भाऊ, नाटक नसते. 1980 मध्ये थोरले जॉर्ज बुश रीगनच्या विरोधात उभे होते आणि रीगनच्या करकपातीच्या योजनेला त्यांनी जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हटलं, हा शब्द पुढं कित्येक वर्षं रीगनच्या मागं लागला, आणि त्याच वर्षी बुश त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. 2019 च्या जूनमध्ये मायामीच्या डिबेटमध्ये कमला हॅरिसनी बायडनना, काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसनं दुसऱ्या शाळांत नेण्याच्या जुन्या मुद्द्यावर, असं धरलं की बायडन गडबडले, आणि वर्षभरानं बायडननी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनाच सोबत घेतलं. दोन्ही वेळा भांडण खरंच होतं, पण ते कामावर होतं, जुन्या मतदानावर, धोरणावर. असं भांडण मिटू शकतं कारण त्यात माणसाची अब्रू पणाला नसते.

जिथं ती पणाला लागते तिथं मिटायला जड जातं. 2016 ला ट्रम्पनी प्रतिस्पर्धी टेड क्रूझच्या बायकोच्या दिसण्यावर टीका केली, वडिलांचं नाव केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडलं, तर क्रूझ क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्टेजवर उभे राहून ट्रम्पना पाठिंबा न देताच उतरले, हॉलभर हुर्यो झाली. पुढं सप्टेंबरमध्ये पाठिंबा दिला, ते वेगळं. आणि 1980 मध्येच तिकडं डेमोक्रॅटिक पक्षात टेड केनेडी स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, म्हणजे कार्टरविरुद्ध, थेट अधिवेशनापर्यंत लढले आणि पक्ष दुभंगलेलाच राहिला, नोव्हेंबरमध्ये कार्टर हरले. एकट्या त्याच कारणानं नाही, महागाई होती, इराणमध्ये अडकलेले अमेरिकन ओलीस होते, पण तेही एक कारण होतंच.

सगळ्यात घाणेरडी खेळी कोणती वाटते तुम्हाला? हिलरींची ती पहाटे तीनच्या फोनची जाहिरात का? — एक विद्यार्थी, धरमपेठ

ती अजिबात नाही. ती जाहिरात फेब्रुवारी 2008 च्या अखेरीस, टेक्सासच्या मतदानाच्या काही दिवस आधी आली, मुलं झोपलीत, पहाटे तीनला व्हाइट हाऊसचा फोन वाजतोय, तो कोणी उचलावा असं वाटतं? म्हणजे ओबामांना अनुभव नाही हे सुचवायचं होतं. झोंबणारी आहे, पण उघड आहे, खाली हिलरींचं नाव आहे, आणि ओबामांनी लगेच दुसऱ्या जाहिरातीतून उत्तर दिलं की इराक युद्धाच्या वेळी कोणाचा निर्णय बरोबर होता ते आठवा. असं व्हायलाच पाहिजे.

घाणेरडी म्हणाल तर साउथ कॅरोलिना, फेब्रुवारी 2000. रिपब्लिकन पक्षाच्या लढतीत जॉन मॅकेननी न्यू हॅम्पशायरमध्ये धाकट्या बुशना दणकून हरवलं होतं, पुढचं मोठं मैदान साउथ कॅरोलिना. आणि तिथं अफवा सुरू झाल्या, पत्रकं, फोन, सर्व्हे करतोय असं सांगून फोन करायचा आणि प्रश्नातच विष पेरायचं, की मॅकेनना लग्नाबाहेरचं काळं मूल आहे हे कळलं तर तुम्ही मत द्याल का. खरी गोष्ट काय, तर मॅकेन दांपत्यानं बांगलादेशातल्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातली मुलगी दत्तक घेतली होती. एका लहान पोरीला घरी आणलं, तिच्यावर माया केली, आणि त्याच पोरीचा रंग मतदारांना घाबरवायला वापरला. मॅकेन ते राज्य हरले, मग काही आठवड्यांत मैदानातूनच बाहेर पडले. या अफवांमागे आम्ही नाही असं बुश यांच्या प्रचाराच्या लोकांनी सांगितलं, आणि ते पाप कोणाच्या अंगावर नक्की कधी आलंच नाही. मला हे वाचलं की आजही संताप येतो. मत कोणालाही द्या पण ज्या गोष्टीखाली नाव लिहायची बोलणाऱ्याची हिंमत नाही ती गोष्ट पुढं ढकलू नका, आपल्याकडंही मतदानाच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्याची जात हीच आहे आणि ते फॉरवर्ड करणारे आपल्याच ओळखीचे, शिकलेसवरलेले लोक असतात.

पैसा असला की तिकडंही तिकीट मिळतंच ना? — निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर

मिळत नाही, काका. मायकेल ब्लूमबर्गनी 2020 ला स्वतःच्या खिशातून 100 कोटी डॉलरच्या आसपास घातले, पहिली चार राज्यं सोडून दिली, थेट सुपर ट्यूजडेवर डाव लावला. त्याआधी लास वेगासच्या डिबेटमध्ये एलिझाबेथ वॉरननी त्यांच्या कंपनीतल्या बायकांच्या तक्रारींवरून त्यांना असं फैलावर घेतलं की जाहिरातींनी बनवलेली इमेज तिथंच गेली. जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हा बेटांचा एक छोटा प्रदेश. पैसा लागतोच, त्याशिवाय ऑफिस उघडत नाही की विमानाचं तिकीट निघत नाही, पण पैसा म्हणजे कार्यकर्ता नव्हे.

ट्रम्पना 2016 च्या सुरुवातीच्या राज्यांत तिसऱ्या हिश्श्याएवढीच मतं होती, दोन तृतीयांश लोक विरोधात, तरी त्यांना कोणी अडवलं काऊन नाही? — एक वाचक, मानेवाडा

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. रिपब्लिकन पक्षात त्या वर्षी 17 मोठे उमेदवार होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की ट्रम्प आपोआप पडतील, आपण फक्त दोन नंबरवर टिकून राहायचं. म्हणून सगळे एकमेकांनाच मारत सुटले. जेब बुशच्या बाजूनं जी सुपर पॅक होती (म्हणजे उमेदवारासाठी हवा तेवढा पैसा जमवून खर्च करणारी स्वतंत्र संस्था) तिनं 10 कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि त्यातल्या बऱ्याच जाहिराती ट्रम्पवर नव्हत्या, मार्को रुबियोवर होत्या. न्यू हॅम्पशायरच्या आधीच्या डिबेटमध्ये ख्रिस ख्रिस्टींनीही रुबियोंनाच पकडलं, पाठ केलेलं वाक्य परत परत म्हणतोस म्हणाले, आणि रुबियोंनी तेच वाक्य परत म्हटलं. झालं, हवा गेली. त्यात नियम वेगळे, साउथ कॅरोलिनात ट्रम्पना साडेबत्तीस टक्के मतं आणि राज्याचे सगळेच्या सगळे 50 डेलिगेट. डेमोक्रॅटिक नियमात तसं झालंच नसतं. मार्चच्या मध्यात फ्लोरिडाचे 99 पण एकगठ्ठा ट्रम्पकडे गेले आणि रुबियो आपल्याच राज्यात हरून घरी बसले.

याच्या उलट 2020 बघा. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, सगळ्यांनी संपले म्हणून लिहून टाकलं होतं. मग 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना, तिथल्या जिम क्लायबर्न या कृष्णवर्णीय खासदारानं मतदानाच्या तीन दिवस आधी पाठिंबा दिला आणि बायडन एकतर्फी जिंकले. लगेच दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार हे दुसरे दोन उमेदवार मैदानातून बाहेर पडून बायडनच्या पाठीशी उभे राहिले, आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेला 14 पैकी 10 राज्यं बायडनची. प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सच्या समर्थकांना हा आपल्याविरुद्धचा कट वाटला, त्यांचं दुःख समजतं, पण समविचारी लोकांनी वेळेवर माघार घेणं हाही राजकारणाचाच भाग आहे. रिपब्लिकन लोकांना 2016 मध्ये तेवढंच जमलं नाही, माघार कोणी घ्यायची यावरच सगळं अडलं.

आपल्याकडं असं कधी होईल का? की साहेबांच्या बंगल्यावरच तिकीट ठरणार? — एक वाचक, इंदोरा

तुमच्या घरापासून जवळच याची एक सुरुवात झाली होती. 2022 मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी शशी थरूर उभे राहिले तेव्हा त्यांनी प्रचार सुरू केला तो आपल्या दीक्षाभूमीवरून, 1 ऑक्टोबरला. निकाल लागला तेव्हा खर्गेंना 7,897, थरूरना 1,072, बाद 416. पण मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे थरूर यांच्या लोकांची तक्रार, की मतदार डेलिगेटांची यादी मिळाली ती अपुरी, कित्येकांचे पत्ते नाहीत, फोन नाहीत. आता मला सांगा, मतदार कोण हेच कळत नसेल तर त्याच्याकडं मत मागायला जाणार कसं? वर सांगितलेलं आयडाहो घडलं कारण तिथं यादी होती, नियम आधीच छापलेले होते, तारीख सगळ्यांना माहीत होती.

आणि वर्धा आठवतं का? 2014 च्या लोकसभेला राहुल गांधींनी देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत प्रायमरीसारखा प्रयोग केला, त्यात आपलं शेजारचं वर्धा होतं. सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत झाली, मेघेंना तिकीट मिळालं, पुढं लोकसभेत भाजपचे रामदास तडस जिंकले. लोक म्हणाले बघा, प्रयोग फसला. अहो, त्या वर्षी विदर्भात काँग्रेसचं काय राहिलं होतं ते बघा ना, प्रयोगाला कशाला दोष? माझी तक्रार दुसरी आहे, मत फक्त पक्षातल्या लोकांनाच होतं, वर्ध्याच्या साध्या माणसाला त्यात जागाच नव्हती, आणि एकदा हरले म्हणून पुढं ती पद्धत चालवलीच नाही. अमेरिकेतही हे एका रात्रीत आलं नाही, 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशनाबाहेर पोरांवर लाठ्या पडल्या, तेव्हा कुठं पक्षानं समिती नेमून नियम बदलले आणि 1972 पासून मतदाराच्या हातात खरी निवड आली. त्यामुळे होईल का म्हणाल, तर कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता असाल, आपल्या शहराध्यक्षाला आधी सभासदांची यादी मागा, फोन नंबरसकट. सुरुवात तिथूनच होईल.

माझी भाची एडिसन, न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे. तिला प्रायमरीत मत देता येतं का? — एक वाचक, खामला

नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. पण ग्रीन कार्डवर ती उमेदवाराला देणगी देऊ शकते, फोन करायला, दारोदार जायला स्वयंसेवक म्हणून जाऊ शकते. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणी करताना पक्ष लिहायची सक्ती नाही, तिथं कोणत्याच पक्षात नसलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष निवडता येतो. मात्र एका पक्षात नाव असेल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर ते बऱ्याच आधी बदलून घ्यावं लागतं, ऐन वेळी होत नाही, तेवढं तिला सांगून ठेवा.