असतं तेव्हाच खायचं

सातारा,
फाल्गुन वद्य षष्ठी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं आणि त्याला जोडलेला रंगीत तक्ताही. तक्ता मी दोनदा वाचला. सोमवारी जांभळा रंग म्हणून ब्लूबेरी, मंगळवारी हिरवा म्हणून केलची परदेशी पालेभाजी आणि अ‍ॅव्होकाडो, बुधवारी लाल म्हणून परदेशी सफरचंद, असा रविवारपर्यंत. आणि त्याखाली तुझी ओळ: ‘मॅडम, निम्मं फ्रीजमध्ये सडतं, पैसे जातात आणि तरी संध्याकाळी अंगात त्राण नसतं. माझं काय चुकतंय?’

त्या ओळीसाठी हे पत्र लिहायला बसले. तुझ्या तक्त्यात वार आहेत, रंग आहेत, वजनंसुद्धा आहेत. महिना कुठेच नाही. तो तक्ता पौषातही तोच आणि वैशाखातही तोच. चुकतंय ते तिथे. जे ज्या दिवसांत असतं ते त्या दिवसांत खायचं. मी पुन्हा पुन्हा हेच सांगणार आहे, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखं हे एकच आहे.

काल रंगपंचमी झाली. सकाळी यवतेश्वरच्या बाजूला जाऊन खाली पडलेली पळसाची फुलं ओच्यात भरून आणली, पातेल्यात उकळली आणि नातवाच्या हातावर तो केशरी रंग ओतला. येताना घाटात कुसुंबाचं झाड दिसलं. पालवी इतकी लाल की लांबून फुलंच वाटावीत. पिंपळाची पानंही आता तांबूस गुलाबी आहेत. कोवळ्या पानातली ही लाली अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची. ऊन कडक होत असताना त्या पानाला सांभाळायला ते उपयोगी पडतं असं मानतात. ज्या ब्लूबेरीसाठी तू एवढे पैसे मोजतेस तिचा जांभळा रंगही त्याच कुळातला. करवंदाचाही तोच. करवंदीच्या जाळ्यांना आता पांढरी फुलं आहेत, हिरवी करवंदं चैत्रात लोणच्याला येतील आणि मे महिन्यात काळी होतील. तेव्हा डोंगरातल्या बायका पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, पळसाच्या पानाच्या द्रोणात मापून देतात. लहानपणी एकेक करवंद दातानं फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी म्हणायचो. तुझ्या आईलाही ठाऊक असेल, तिला विचार.

तोवर जांभळा रंग ताटात नसला तर नसू दे. रोज सातही रंग आलेच पाहिजेत हा हट्ट कुणी शिकवला तुला? वर्षाचा मिळून रंग पुरा होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते, तेवढं वजन धरून ठेव. उरलेलं महिना ठरवेल.

आता काय आहे ते ऐक. लाल माठ आहे. त्याचा रंग करवंदाचा नव्हे, बीटचा, बीटालेन म्हणतात त्याला. तो पाण्यात उतरतो, म्हणून माठ उकळून पाणी ओतून देऊ नकोस, लसणाच्या फोडणीत झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजव. तांदुळजा आहे, आंबट चुका आहे. शेवग्याच्या शेंगा इतक्या आहेत की लोक शेजाऱ्यांना वाटतात. मिळाली तर शेवग्याची फुलं आण, कांद्यावर परत, दहा मिनिटांत भाजी होते. कैरीचा तर थाटच. चैत्रगौर बसली की घरोघरी आंबेडाळ आणि पन्हं होईल. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. याला तुझी एक इंडक्शनची शेगडीसुद्धा पुरते. विलायती चिंचा आहेत, गुलाबी-पांढऱ्या, कॉलेजच्या दारात बायका त्यांचे वाटे मांडून बसतात. कलिंगड आहे, तुती आहे. कोकणात ओल्या काजूची उसळ आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी चालू असेल. ती पुण्यात स्वस्त मिळणार नाही, तेव्हा तिचा नाद नको. कोकणात जाशील तेव्हा खा.

डॉक्टरांनी तुला रक्त कमी सांगितलंय. त्यांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं. लिंबू किंवा कैरी ताटात घे. आणि जेवणाला लागून चहा पितेस तो तासभर पुढे ढकल, चहा लोह शोषू देत नाही. आपल्याकडे पालेभाजी आणि कैरी एकाच महिन्यात ताटात येतात. तू मात्र दोन्ही सोडून पाकिटं उघडत बसतेस. मला राग येतो तो याचा.

पाडव्याला कडुलिंब खाशील ना? मोबाइलवर त्याचं चित्र पाठवण्याबद्दल विचारत नाही. कोवळी पानं आणि फुलं, गूळ, ओवा, हिंग, मीठ, चिंच एकत्र वाटून चमचाभर. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानं वसंताच्या ऋतुचर्येत सांगितलंय की थंडीत साचलेला कफ या दिवसांत उन्हानं पातळ होतो, तेव्हा हलकं, कडू, तिखट, तुरट खावं, जड-गोड कमी करावं आणि दिवसा झोपू नये. नेमकी याच दिवसांत कडुलिंबाला नवी पानं आणि मोहोर येतो. कुणीतरी झाड पाहून हे ठरवलं असणार. झाड पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

आणि इथेच माझी चूक सांगते.

मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, फळ्यावर. तुझी आई त्याच वर्गात बसायची. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये पेपर तपासणी. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, सगळ्यांच्या फुलण्याचे दिवस मी गठ्ठ्यांपुढे काढले. पुढच्या वर्षी जाऊ, असं ३१ वेळा म्हटलं असेन. पण त्याहून मोठी चूक घरातली आहे.

आई माझ्याकडे राहायची तेव्हा चैत्रात पहाटे कालव्याच्या कडेला जायची. येताना पदरात चिघळ असायची, तांदुळजा असायचा आणि आणखी एक बारीक पानांची आंबटसर भाजी. तिसरीत ती ज्वारीच्या कण्या घालायची. मी नुकती कायम झाले होते. क्वार्टरमधल्या बायका बघतात म्हणून एकदा तिला म्हणाले, ‘आई, बांधावरचं खुडून आणत जाऊ नकोस, आपण मंडईतून आणू.’ तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. त्यानंतर ती १४ वर्षं जगली, १४ चैत्र, आणि मी एकदाही विचारलं नाही की तिसरी भाजी कोणती गं.

चिघळ मला आजही ओळखू येते. तांबूस देठ, मांसल पानं, जमिनीला चिकटून पसरलेली. तिची थोरली बहीण घोळ, तिच्यात तर ज्या ओमेगा-३ साठी लोक माशांचं तेल शोधतात त्या गटातलं एक आम्लही असतं. हे सगळं मी सांगू शकते. तिसरीचं नाव नाही सांगू शकत. ती अंबुशी नव्हती, चुका नव्हता. तीन तालुक्यांच्या बाजारांत म्हाताऱ्या बायकांना चव सांगून विचारलं. वनस्पतिशास्त्राच्या बाईला स्वतःच्या आईच्या हातची भाजी ओळखता येत नाही.

म्हणून मी हट्टी झाले आहे. घरचे म्हणतात, फार ताणते. वैशाखात मटार आणू देत नाही, मार्गशीर्षात कलिंगड कापू देत नाही. मुलगा एकदा चिडून म्हणाला, ‘मग आमसूल कसं चालतं तुला बारा महिने? मुरांबा कसा चालतो?’ चालतो. कारण रातांबे पिकतात त्याच दिवसांत कुणीतरी सालं काढून, त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असतात. मुरांबा मी स्वतः वैशाखात घातलेला असतो. बरणी उघडली की मला तो महिना आठवतो. गोठवलेल्या मटाराच्या पिशवीत मला काही आठवत नाही. याला कुणी हटवाद म्हणालं तरी माझी तयारी आहे. मी एकदा लाजेपायी सोडून दिलं आणि त्याची किंमत मोजली. आता सोयीपायी सोडणार नाही.

तू लिहितेस, वेळ नाही. शनिवारी तू साडेदहाला उठतेस, हे तुझ्याच पत्रात आहे. एक शनिवार सातला मंडईत जा. पिशवी ने, यादी नेऊ नकोस. आतल्या मोठ्या गाळ्यांवरून पुढे जा, कडेला जमिनीवर फडकं पसरून चार-पाच जुड्या घेऊन बसलेल्या मावशी शोध. त्यांच्याकडे जे असेल ते आज असलेलं असतं. एकच जुडी घे, जी तू ओळखत नाहीस. नाव विचार, कशी करायची ते विचार, आणि नाव वहीत लिही. त्यांनी सांगितलेलं, त्यांच्याच उच्चारात. दोन दिवसांत संपेल एवढंच घे, म्हणजे फ्रीजमध्ये सडायला काही उरणार नाही.

आणि परत येताना रिक्षा करू नकोस. वाटेत कुठेतरी करंजाला पोपटी पालवी असेल, कडुलिंबाखाली उभं राहिलीस तर मोहोराचा वास येईल, तांबट पक्षी ठोके घातल्यासारखा ओरडत असेल. जुडी ज्या उन्हात वाढली ते ऊन अंगावर घे. टेकडीवर गेलीस तर मात्र अनोळखी पान तोंडात घालू नकोस. मीही घालत नाही, आईची भाजी असेल असं वाटलं तरीसुद्धा. जाणत्या माणसानं ओळखल्याशिवाय नाही.

तो तक्ता परत पाठवते आहे. प्रत्येक पानाच्या वर मी पेन्सिलीनं महिन्याचं नाव लिहिलंय, खाली जागा कोरी ठेवली आहे.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी गावी जाणार आहे, कालव्याच्या कडेला. तिथली एक ७८ वर्षांची आत्या चैत्रात अजून भाजी खुडते असं कळलंय. तिला चव सांगून बघायची आहे. तुला यायचं असेल तर शनिवारी रात्री मुक्कामाला ये, पहाटे पाचला निघू. उन्हं चढली की ती भाजी कोमेजते, एवढंच तिच्याबद्दल मला ठाऊक आहे. येताना तुझी वही आण.

तुझी,
मॅडम