आठवीला मुलीला झेडपीतून काढून सीबीएसईत घालू का?

तुमची मुलगी झेडपीच्या सेमीत (गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत) सातवीला आहे आणि पाहुणे म्हणतात, सीबीएसईशिवाय डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा निघत नाही. हलवू नका.

आपल्याकडं अभ्यासक्रम बघून बोर्ड कोणी निवडत नाही. महिन्याला पगार येणारं घर सीबीएसई धरतं, सोयाबीन-कापसावरचं घर सेमी धरतं. ऊसतोडीला जाणारं घर लेकरू कुणाजवळ ठेवायचं ते आधी बघतं.

आमच्या तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्यानं मुलगा शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के मोफत जागांतून विनाअनुदानित सीबीएसई शाळेत घातला, मुलगी गावच्या प्रशालेत ठेवली. ती मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीची पूर्ण फी एप्रिलात अंगावर आली, सोयाबीनचा पैसा तोवर संपलेला. दहावीला बोर्ड बदलणं अवघड, म्हणून नववीलाच टीसी काढून पोरगा स्टेट बोर्डात आणला. इतिहास-भूगोल एकदम मराठीत. 'पर्जन्यछाया' म्हणजे काय, हे त्याला धाकट्या बहिणीला विचारावं लागायचं. त्याच वर्षी तिनं आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा काढली. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. भावाला ती परीक्षा देताच आली नव्हती, कारण विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलांना ती नाही. मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला झेडपी, ही वाटणी मला कधीच पटली नाही. इथं ती बापालाच महागात पडली.

नीट सीबीएसईत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आहे, पण अकरावी-बारावीच्या. लातूर-नांदेडला सीबीएसईची दहावी झालेली बरीच मुलंसुद्धा अकरावी स्टेट बोर्डातच घेतात. बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न स्टेट बोर्डाच्याच लेकरांनी उभा केला, हे पाहुण्यांना सांगा. खरी अडचण शुद्ध मराठी माध्यमाला येते: अकरावीत घनतेची डेन्सिटी, संवेगाचा मोमेंटम, सगळी नावं नव्यानं शिकायची. सेमीत ते आधीच झालेलं असतं.

नोकरी राज्याबाहेर बदलीची असेल तर मात्र सीबीएसईच बरं. केंद्र सरकारची निवासी नवोदय शाळाही सीबीएसईच आहे. तिथं नववीच्या थोड्या जागांसाठी आठवीत परीक्षा देता येते. ती निघाली तर जरूर पाठवा.

एनएमएमएससाठी सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. तहसीलचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा. बुद्धिमत्तेच्या ९० प्रश्नांचा सराव शाळेत फारसा होत नाही, तो दिवाळीच्या सुट्टीत घरी करून घ्या.