घागर खोडली, कलश लिहिला

«मी धुळे जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका आहे. ३१ वर्षे मराठी शिकवले. आई गेल्यापासून, म्हणजे गेली २ वर्षे, पहाटे उठून साधनेची वही लिहिते, पडलेली स्वप्ने नोंदवते, मंडलचित्रे रंगवते. वहीच्या पहिल्या पानावर बहिणाबाईंच्या ओळी उतरवल्या आहेत. यजमान ‘व्हई गयी का तुनी पोथी?’ असे विचारून टिंगल करतात. माहेरच्या कोरड्या विहिरीच्या काठी उभी असलेली आई मला माझ्या कलशाविषयी विचारते आणि मी काही बोलण्याआधीच जाग येते, असे स्वप्न आतापर्यंत ७ वेळा पडले. स्वप्नफलाच्या पुस्तकात कलश शुभ सांगितला आहे, तरीही वही मिटली की मन कोरडेच राहते. माझी आध्यात्मिक प्रगती थांबली आहे का? गुरू करावा का? या स्वप्नाचा अर्थ काय? (आई स्वप्नात अर्थातच अहिराणी बोलते, मी ते शुद्ध करून लिहिते.) नमुन्यादाखल एका पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.»

बाई,

यजमानांचे आधी आटोपते. त्यांच्यावर तुम्ही दीड पान खर्च केले आहे आणि ते मी बाजूला ठेवले आहे. पहाटे साडेचारला दिवा लावणाऱ्या बायकोच्या शेजारी झोपणारा माणूस थोडा कुरकुरणारच. मंडलचित्रेही खुशाल रंगवा, त्यांनी कोणाचे वाईट होत नाही.

मी अडकले ती तुमच्या कंसातल्या वाक्याशी, जे तुम्ही जाता जाता, जणू व्यवस्थितपणाचा दाखला म्हणून लिहिले आहे. ते वाचून मी तुमची झेरॉक्स पुन्हा काढली. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची आणि बरोबर शब्द त्याच्या डोक्यावर लिहायचा, ही शिक्षकाची सवय तुमच्या हातातून गेलेली नाही आणि त्यामुळे रेघेखालचे अक्षर मला स्पष्ट वाचता आले. वर लिहिले आहे, ‘कन्ये, तुझा कलश कुठे आहे?’ खाली, खोडलेले, आहे, ‘आंडेर, तुनी घागर कोठे शे?’

दोन वर्षे तुम्ही ज्या कोरडेपणाची तक्रार करत आहात, तो या दोन ओळींच्या मधे आहे. कोणाची आई लेकीला ‘कन्ये’ म्हणते? आणि विहिरीच्या काठी कलशाचे काम काय? दोर बांधून विहिरीत सोडतात ती घागर. कलशावर आंब्याची पाने आणि नारळ ठेवून त्याची पूजा करतात. तुम्ही स्वप्नफलाच्या पुस्तकाला ज्या वस्तूचा अर्थ विचारलात, ती तुमच्या स्वप्नात आलीच नव्हती.

अर्थ मी सांगणार नाही, कारण तो माझ्याकडे नाही. पण तुम्ही खान्देशातल्या आहात. गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘घागर’ हा शब्द ऐकल्यावर आपल्याकडच्या कोणत्याही बाईला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवेल, पितरांच्या नावाने पाणी भरून ठेवलेली मातीची घागर आणि तिच्यावरचे डांगर (खरबूज) डोळ्यांसमोर येईल, त्याच सणाला माहेरी जाण्याची ओढ आठवेल. तुमच्या स्वप्नाचा या सगळ्याशी संबंध असेल किंवा मुळीच नसेल. ते तुम्हीच जाणू शकता. मात्र ‘कलश’ लिहिल्यावर ते तुम्हालाही कळायची सोय उरली नाही.

मला अधिक खटकले ते पुढचे. यजमानांचे टिंगलीचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे अहिराणीत लिहिले आहे, तेथे रेघ मारली नाही. बहिणाबाईंच्या ओळीतला ‘मानूस’ तुम्ही ‘माणूस’ केला असेल, असेही मला वाटत नाही. (त्यांची बोली लेवा, तुमची अहिराणी; दोन्ही एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे.) त्या निरक्षर होत्या, त्यांनी म्हटलेले घरच्यांनी टिपून ठेवले आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी ते पुस्तकरूपाने आले म्हणून ते पवित्र झाले. मग दुरुस्तीसाठी उरली ती एकटी तुमची आई. नवऱ्याचा टोमणा अहिराणीत शोभतो आणि आईचे बोलणे शोभत नाही, हे तुम्ही कोठे शिकलात ते मला विचारायला नको. शाळेत ‘शे’ म्हटले म्हणून मीही हातावर छडी खाल्ली आहे. फरक इतकाच, की पुढे तुमच्या हातात लाल पेन आले आणि ३१ वर्षे राहिले.

महानुभाव पंथातल्या केशिराजबासांनी संस्कृतात लिहायचे मनात आणले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे लुबाडल्या जातील, असे सांगून. हा प्रसंग मराठीच्या शिक्षिकेला मी नव्याने सांगावा असे नाही. पंथाचे संस्थापक चक्रधरांनी मऱ्हाटीत निरूपण केले, म्हणून ते मऱ्हाटीतच राहावे, असा त्यामागचा साधा आग्रह होता. आज तुमच्या वहीत प्रमाण मराठीने संस्कृतची जागा घेतली आहे आणि नागवली गेलेली म्हातारी तुमच्या घरातली आहे. आईने सात वेळा येऊन विचारले आणि सातही वेळा तुम्ही तिचा निबंध तपासून परत केलात.

प्रगती थांबली का, गुरू करावा का, हे प्रश्न तूर्त मिटून ठेवा. तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. उद्या पहाटे नवे पान घ्या आणि त्यावर आईचे ते वाक्य, ती बोलली तसे, एकही अक्षर न सुधारता लिहा. स्वप्नात तुम्ही गप्प राहता, म्हणून त्याच्याखाली तुमचे उत्तर लिहा. घागर कोठे शे, ते आईला सांगा. ते कोणत्या भाषेत सांगायचे, हे आता तुम्हाला कळले असेल. चार ओळी होवोत की चार पाने, वर रेघ मारायची नाही. ‘शे’ लिहिताना हात अडखळला, तर अडखळू द्या आणि पुढे लिहा. हे झाल्यावर पंधरा दिवसांनी मला ते पान पाठवा, या वेळी झेरॉक्स नको, हाताने उतरवून पाठवा.

आणि दरम्यान यजमानांनी पुन्हा ‘व्हई गयी का तुनी पोथी?’ असे विचारलेच, तर त्यांनाही उत्तर द्या. अहिराणीतच.