कंडेन्सेट रिटर्न बसवूनही ब्रिकेट तेवढेच? आधी पाइप बघा

गोव्यातल्या कुंडईच्या एका सदस्यानं लिहिलंय की कंडेन्सेट रिकव्हरी (वाफेचं झालेलं गरम पाणी बॉयलरकडे परत आणायची सोय) बसवून वर्ष होत आलं, तरी ब्रिकेटचे (बॉयलरमध्ये जाळायच्या दाबलेल्या भुशाच्या विटांचे) ट्रक तेवढेच येतायत, फीड टँक (बॉयलरला पाणी देणारी टाकी) ४५ अंशांच्या वर जात नाही आणि सप्लायर म्हणतो 'सिस्टिम ओके आहे'. वाचून आमच्याच शिफ्टचं लॉगबुक कोणीतरी उघडलंय असं वाटलं. मी वेर्ण्याला एका बॅच केमिकल प्लांटात युटिलिटी सांभाळायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणानं लिहितो. बॉयलरचा ऑक्सिजन, ब्लोडाउन, वॉटर ट्रीटमेंट यांवर बोलत नाही, ते तुम्ही बघत असणारच.

तुमचा खरा प्रश्न पिंच अ‍ॅनालिसिस (प्लांटमधल्या कुठल्या गरम प्रवाहानं कुठला थंड प्रवाह तापवता येईल याचा हिशेब) करून घ्यावं का, हा आहे. माझं मत: आत्ता नको. बोडो लिनहॉफ वगैरेंनी १९७०च्या दशकात ते उभं केलं, मोठमोठ्या प्लांटांत त्याचा फायदा झाला, याबद्दल वाद नाही. पण रिफायनरीत क्रूड रात्रंदिवस एकाच वाटेनं वाहतं आणि भट्टीत जाण्याआधी गरम प्रॉडक्टकडून उष्णता घेत जातं. तिथे कुठला प्रवाह कुठल्याला तापवेल हे मांडून ठेवता येतं. तुमच्याकडे सकाळी एक रिअ‍ॅक्टर तापतो, दुपारी तोच थंड करायचा असतो. सल्लागाराला पैसे देण्याआधी वाफ कुठे जाते ते बघा.

आमच्या मूळ डिझाइनमध्ये प्रत्येक रिअ‍ॅक्टरला स्वतंत्र फ्लोट ट्रॅप (कंडेन्सेट सोडणारा, वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) होता, तिथून ३ इंची हेडर (मुख्य पाइप) फ्लॅश व्हेसलपर्यंत (कंडेन्सेटमधून पुन्हा होणारी वाफ वेगळी करणारं भांडं), आणि पुढे वाफेवर चालणारा पंप कंडेन्सेट बॉयलर हाउसच्या टाकीत ढकलणार. फाइल हेड ऑफिसला गेली. खरेदी विभागातल्या कोणीतरी विचारलं, ताशी २ टन पाण्याला ३ इंच कशाला? दीड इंचात आरामात जातं. पाणी असतं तर गेलंही असतं! पण ३ बारचं कंडेन्सेट ट्रॅपमधून बाहेर पडलं की दर १०० किलोतल्या साधारण ८ किलोंची पुन्हा वाफ होते. वजनानं ८, पण जागेच्या हिशेबानं पाइपचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग ती वाफच व्यापते. ३ इंचात तिचा वेग सेकंदाला १६ मीटरच्या आसपास बसतो, दीड इंचात ६०च्या घरात. म्हणजे बॅक प्रेशर, ट्रॅपवर उलटा दाब. फ्लॅश व्हेसल आणि पंप तर 'अ‍ॅक्सेसरी' म्हणून खोडले. मंजुरीच्या कागदावर बचत मात्र आमच्या रिपोर्टमधलीच ठेवली, खर्च तेवढा निम्मा दाखवला. अशानं पेबॅक (खर्च वसूल व्हायचा काळ) छानच दिसतो.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. बॅच तापायला लागली की कंट्रोल व्हॉल्व्ह आवळतो, जॅकेटमधला (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या वाफेच्या आवरणातला) दाब १ बारच्याही खाली येतो. समोर लाइनचा बॅक प्रेशर, वर टाकी प्लॅटफॉर्मवर. ७ मीटर उंची म्हणजे तेच ०.७ बार झाले. कंडेन्सेटला ढकलायला कोणी नाही, जॅकेटमध्ये पाणी साठतं, तापमान अडकतं. 'बॅच तापना साहेबा,' म्हणत ऑपरेटर ट्रॅपच्या आधीचा ड्रेन उघडतो आणि गटारात सोडतो. त्यात कंडेन्सेट जातं, मागून जिवंत वाफही जाते. ३ मिलिमीटरच्या भोकातूनही ७ बारची वाफ ताशी ३० किलोच्या आसपास जाते, इथे तर अर्धा इंची व्हॉल्व्ह. टाकी थंड राहिली यात नवल नाही. ऑपरेटरची चूक मी कधीच मानली नाही, त्याला बॅच वेळेत द्यायची असते.

हे सगळं आम्ही मोजून, स्केचसकट कळवलं. उत्तर काय आलं, तर 'ऑपरेटरना ऊर्जाबचतीचं प्रशिक्षण द्यावे'. पोस्टरं आली, शपथा झाल्या. पाइप बदलायला जो काळ गेला तेवढ्यात जळालेल्या इंधनाच्या पैशात तसे कितीतरी पाइप आले असते. असो, रक्तदाब वाढतो.

तुम्ही काय करायचं? रात्रपाळीत, न सांगता, रिअ‍ॅक्टरांच्या खाली फिरून या. ड्रेन उघडे दिसतील. ईटीपीवाल्याला (सांडपाणी प्रक्रिया बघणाऱ्याला) विचारा, गरम पाणी येतं का. मग दोन साधे पाण्याचे मीटर बसवा, एक मेकअपवर (टाकीत भरायच्या नव्या पाण्यावर), एक फीडवर (बॉयलरला जाणाऱ्या पाण्यावर; हा गरम पाण्याला चालणारा घ्या). फीडमधून मेकअप वजा केलं की कंडेन्सेट किती परत येतं ते कळतं. 'मीटरनं बचत होत नाही' असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. फीडचं पाणी दर ६ अंशांनी तापलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं, म्हणजे ४५चं ८५ झालं तर ६-७ टक्के. आणि अनेक जॅकेटांना मिळून एकच ट्रॅप ठेवला असेल तर तो आधी काढा.

पावसाळ्याचे आकडे वेगळे ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ब्रिकेट ओलावा धरतात, आणि क्लॅडिंगच्या (बाहेरच्या पत्र्याच्या) फटीतून पाणी शिरलेलं लॅगिंग (पाइपाभोवतीचं उष्णतारोधक) म्हणजे पाइपावर टाकलेली ओली गोधडी. जानेवारीत केलेल्या ऑडिटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. कूलिंग टॉवरचंही तेच, दमट हवेत वेट बल्बच्या (हवेच्या ओलाव्यावर ठरणाऱ्या तापमानाच्या) खाली पाणी जाणार नाही, पंखे कितीही फिरवा.

२०१२पासूनच्या पॅट योजनेतून (उद्योगांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य देणारी सरकारी योजना) जास्तीच्या बचतीची सर्टिफिकेटं विकता येतील का, असंही विचारलंय. ती मोठ्यांसाठी आहे. क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा-क्लोरीन) कारखान्यांना त्यात येण्याची मर्यादाच वर्षाला १२,००० टन तेलाइतक्या ऊर्जेची होती. ४ टनी बॉयलरवाल्यानं तो नाद सोडावा.

मी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक नाही, तुमचा प्लांट पाहिलेला नाही. वाफेच्या लाइनवर वेल्डिंग करण्याआधी ड्रॉइंग आणि परवानगीचं बघा, माझ्या भरवशावर काही कापू नका. हेडरचा व्यास, टाकीची उंची, ट्रॅपचा प्रकार आणि जॅकेटचा दाब इथे टाका. फ्लॅशचा हिशेब मी करून देतो, तो घेऊन सप्लायरला बसवा समोर.