कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर लोक खरोखरच स्कीइंग करतात का?

होय, करतात. कोपनहेगनमधील या प्रकल्पाचे नाव अमागर बाके असून त्याची रचना ब्यार्के इंगेल्स यांच्या वास्तुरचना संस्थेने केली आहे. आत शहरातला कचरा जाळला जातो आणि त्या उष्णतेतून वीज व घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे गरम पाणी मिळते. यंत्रांची उंची एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाते, त्यामुळे छताला आपसूकच उतार मिळाला, आणि डोंगर नसलेल्या त्या सपाट शहराला 2019 मध्ये स्कीइंगची घसरपट्टी लाभली.

बर्फाची मात्र येथे गरज नाही. उतारावर ब्रशच्या केसांसारख्या ताठ हिरव्या प्लास्टिक तंतूंच्या चटया अंथरल्या आहेत आणि त्यांच्या फटींतून खरे गवत उगवते. पडल्यास खरचटते, हे ओघाने आलेच. बाहेरच्या भिंतीवर 85 मीटर उंचीची, गिर्यारोहकांसाठी हातापायांच्या पकडी बसवलेली चढाईची वाटही आहे. धुराड्यातून वाफेची वलये सोडण्याची मूळ कल्पना प्रत्यक्षात उतरली नाही; मला स्वतःला तीच सर्वांत मोहक वाटली होती.