ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, बेरोजगारी भत्ता अडकलाय, आणि मालकाने लिहून दिलंय की ‘याने स्वतःच काम सोडलं’. आता काय करू?

तुमचं प्रकरण मला समजलं ते असं. बुटीबोरीच्या कंपनीत ठेकेदाराकडून तीन वर्षांहून जास्त काम केलं. ऑर्डर कमी झाल्या म्हणून तुमच्यासह बऱ्याच जणांना एकाच दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं. तुम्ही या भत्त्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज केला. दोन महिने तो ‘प्रलंबित’ दिसत राहिला, आणि आता खिडकीवर सांगतात की मालकाच्या नोंदीत तुम्ही काम सोडलंय, म्हणून पैसे मिळणार नाहीत.

भाऊ, आधी हे लक्षात घ्या की हा नकार अजून तोंडी आहे. तोंडी नकार म्हणजे नकार नाही. तो ऐकून घरी बसलात तरच तो पक्का होतो.

मी हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षं टाइम ऑफिसला होतो. हजेरी, पगार, पीएफ आणि ईएसआय भरणं हेच काम. त्यामुळे ‘काम सोडलं’ हे शब्द तुमच्या नोंदीत कसे आले असतील, ते मी नीट सांगू शकतो. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरावं लागतं. पोर्टलवर प्रत्येक कामगाराच्या विमा क्रमांकासमोर दिवस आणि पगार टाकायचा. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यासमोर कारण निवडायचं. त्या यादीत रजेवर, काम सोडलं, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कपात (म्हणजे मालकानेच कामगार कमी करणं), काम नाही अशी कारणं असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. ‘काम सोडलं’ दुसऱ्या क्रमांकावर, ‘कपात’ दहाव्या आणि ‘काम नाही’ अकराव्या. पोर्टलवर बसलेला पोरगा पन्नास-शंभर नावं उरकत असतो. माणूस गेला की दोन नंबर टाकायचा, शेवटची तारीख टाकायची, पुढच्या महिन्यात नाव यादीतून जातं. राजीनामा दिलेला असो की हाकलून दिलेला असो, बहुतेक ठिकाणी सगळ्यांना तोच क्रमांक लागतो.

म्हणजे तो क्रमांक तुमच्या राजीनाम्याचा पुरावा नाही. त्यातून एवढंच कळतं की अमुक तारखेनंतर तुम्ही त्या हजेरीपटावर नाही. ही गोष्ट तुमच्या अर्जात स्पष्ट शब्दांत आली पाहिजे, कारण समोरच्या कारकुनाला स्क्रीनवर फक्त तेवढंच दिसतं.

आता एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो, त्याचं उत्तर स्वतःशी खरं द्या. शेवटचा हिशोब घेताना कशावर सही केली का? आपल्याकडे सुपरवायझर एक छापील कागद पुढे करतो आणि म्हणतो, ‘सही करून टाक बे, मंग तुझा हिशोब काढतो.’ त्यात लिहिलेलं असतं की मी घरगुती कारणाने स्वखुशीने काम सोडत आहे. घरात किराणा नसतो, हातात थकलेला पगार मिळणार असतो, माणूस सही करतो. मला याचा फार संताप येतो. तीन वर्षं ज्याने पगारातून कपात सोसली, त्याचा हक्क एका कोऱ्या-अर्ध्या कागदावर काढून घेतला जातो. सही केली नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. केली असेल तरी सगळं संपलं असं नाही. त्याच दिवशी, त्याच मजकुराच्या कागदावर, त्याच पेनाने इतक्या जणांनी एकदम ‘घरगुती कारण’ लिहिलं असेल, तर त्यातला खोटेपणा उघड आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका. त्या दिवशी कमी केलेले जितके जण सापडतील तितक्यांनी आपापले अर्ज द्यावेत आणि प्रत्येकाने इतरांचा उल्लेख करावा.

योजनेची चौकट थोडक्यात सांगतो, म्हणजे खिडकीवर कुणी काहीही सांगितलं तर तुम्हाला पडताळता येईल. ही योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ते ५० टक्के केले. आधी नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, तेही त्याच वेळी ३० दिवसांवर आलं, आणि मालकाच्या सहीने अर्ज पाठवण्याऐवजी कामगाराने थेट शाखा कार्यालयात दावा देण्याची सोय झाली. हा शेवटचा बदल तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. मालक तुमचा अर्ज अडवू शकत नाही. त्याच्याकडून फक्त माहितीची खात्री केली जाते. ज्या तारखेला नोकरी गेली त्या तारखेचा दर आणि अटी लागू होतात, म्हणून मंजुरीचा आकडा आला की त्या तारखेच्या परिपत्रकाशी ताडून बघा. समजा महिना १५,००० पगार, म्हणजे रोजचे ५००. पन्नास टक्क्यांनी २५० रुपये रोज, ९० दिवसांचे २२,५००. दोन-तीन महिन्यांचं घरभाडं आणि शाळेची फी त्यातून निघते, म्हणूनच मी हे इतकं लांबवून सांगतोय.

पात्रतेला दोन वर्षांची विमा असलेली नोकरी लागते. पूर्वी लागोपाठच्या चारही अंशदान काळांत प्रत्येकी ७८ दिवस भरलेले लागायचे. २०२० मध्ये ते सैल करून नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या काळात ७८ आणि उरलेल्या तीनपैकी कोणत्याही एकात ७८ असं केलं. अंशदान काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनासाठी शिक्षा म्हणून काढलेला, निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस यात बसत नाही. तुमचा मालक नेमका याच फटीचा आधार घेतोय.

म्हणून आज रात्रीच ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा आणि महिनावार अंशदान उघडा. प्रत्येक महिन्याचे दिवस एका कागदावर उतरवा आणि शेजारी पगाराच्या पावतीवरचे दिवस लिहा. ठेकेदारी कामात इथे हमखास गोंधळ सापडतो. तुम्ही २६ दिवस केलेत आणि भरलेत १२, किंवा ठेकेदार बदलला तेव्हा जुना विमा क्रमांक न वापरता तुमच्या नावाने नवाच काढला. मग तीन वर्षांची नोकरी दोन तुकड्यांत दिसते आणि कोणताच तुकडा पात्रतेपर्यंत पोचत नाही. माझ्या ओळखीतल्या एका ताईंचं पॅकिंग लाइनवरचं काम गेलं तेव्हा असंच झालं होतं. सगळे त्यांना सांगत होते की तुमची दोन वर्षं भरत नाहीत. त्यांनी दोन्ही ठेकेदारांची ओळखपत्रं आणि पासबुकातल्या पगाराच्या नोंदी जोडून दोन्ही क्रमांक एकत्र करायचा अर्ज दिला, तेव्हा कुठे दावा हलला.

पगारातून कपात झाली आणि भरणाच केला नसेल, तर तो दोष तुमचा नाही. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, दोन्ही भरायची जबाबदारी मालकाची आहे. ठेकेदाराच्या माणसांसाठी ती मूळ कंपनीवरही येते. म्हणून पत्र ठेकेदाराला एकट्याला नको, कंपनीच्या एचआर विभागालाही गेलं पाहिजे. कंपनीचं नाव कागदावर आलं की ठेकेदाराची भाषा बदलते, हे मी आतून बघितलेलं आहे.

पत्र लांबलचक लिहू नका. मी असं लिहीन: ‘मी, विमा क्रमांक अमुक, आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले. काम उपलब्ध नसल्याचे सांगून मला व इतर कामगारांना त्या दिवशी तोंडी कमी करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. माझ्या नोंदीत काम सोडल्याचे कारण टाकले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. कृपया सात दिवसांत दुरुस्तीचे पत्र ईएसआयसीच्या शाखा कार्यालयास द्यावे.’ सही करून दिलेली असेल तर ‘राजीनामा दिलेला नाही’ या वाक्याऐवजी लिहा की हिशोब देण्याआधी छापील कागदावर सही घेतली, स्वेच्छेने काम सोडलेलं नाही. खोटं एक अक्षरही नको. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि त्याची झेरॉक्स शाखा कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्या. शिक्क्याशिवाय कागद देऊ नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी तिथेच उभं राहून शिक्का मागा, तो तुमचा हक्क आहे. पुरावा म्हणून शेवटच्या दिवसाचा व्हॉट्सॲप निरोप, गेट पासवरची तारीख, सोबतच्यांचे जबाब, काहीही चालेल. सुपरवायझरचा ‘उद्यापासून गाडी येणार नाही’ असा एका ओळीचा निरोपसुद्धा छापून लावा.

शाखा कार्यालयाला वेगळा अर्ज द्या की मालकाचं म्हणणं लेखी मागवून त्याची प्रत मला द्यावी, माझं म्हणणं ऐकावं, आणि दावा नाकारायचा असेल तर कारण आणि नियम लिहून कळवावं. तिथून काही झालं नाही तर नागपुरात गणेशपेठेतल्या पंचदीप भवनात, ईएसआयसीच्या वरच्या कार्यालयात जा. ईएसआयसी दर महिन्याला सुविधा समागम भरवते. तिथे अधिकारी समोर बसतात आणि तक्रार नोंदली जाते. पुढची तारीख विचारून घ्या आणि कागदांचा एक संच द्यायला, एक स्वतःकडे ठेवायला न्या. १८००-११-२५२६ हा टोल फ्री क्रमांकही आहे. फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून घ्या.

याला जोडूनच केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका. तिथे निकाल देण्याची मुदत २१ दिवस आहे, आणि उत्तर पटलं नाही तर अपील करता येतं. मला मात्र माहितीच्या अधिकारावर जास्त भरवसा आहे. दहा रुपयांत, ३० दिवसांच्या मुदतीत. पण प्रश्न ‘माझे पैसे का दिले नाहीत’ असा विचारू नका, त्याला गोल गोल उत्तर येतं. माझ्या दाव्याबाबत मालकाकडे विचारणा कोणत्या तारखेला केली, मालकाच्या उत्तराची प्रत द्या, दावा आज कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आणि कोणत्या तारखेपासून आहे, एवढंच विचारा. किती तरी वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार करतानाच फाइल हलते.

बँकेचंही एकदा बघून घ्या. बुटीबोरी, उमरेड, काटोलकडच्या बऱ्याच जणांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती. ती १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. विम्याच्या नोंदीत जुना आयएफएससी राहिला असेल तर मंजूर रक्कमही परत जाऊ शकते. आधारवरचं नाव आणि विम्यातलं नाव अक्षरशः जुळतं का, तेही तपासा.

भत्त्याशिवाय दोन वाटा वेगळ्या आहेत, त्या यात मिसळू नका. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. ती तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करायची, ईएसआयसीत नाही. आणि तुमची कपात औद्योगिक कायद्याखालची कपात म्हणून लेखी मान्य झाली, तर ईएसआयसीचीच बेरोजगारी भत्त्याची दुसरी, २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही विचारा. त्यात भत्त्याची मुदत २४ महिन्यांपर्यंत जाते, म्हणजे भत्ता बराच मोठा होतो. ‘काम सोडलं’ हा शेरा पुसून घेण्याचं हेही एक कारण.

एवढं करूनही लेखी नकार आला तर कामगार विमा न्यायालयात जाता येतं. अंशदान भरलं की नाही, किती दिवसांचं भरलं, असे वाद तिथे चालतात. वकिलाच्या फीला घाबरू नका. औद्योगिक कामगाराला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात ओळखपत्र आणि नकाराचं पत्र घेऊन जा.

मध्ये कुठे काम लागलं तर घ्या. बेकारीचे जेवढे दिवस, तेवढ्यांचा दावा कायम राहतो. फक्त नव्या ठिकाणी हाच विमा क्रमांक द्या, दुसरा काढू देऊ नका. आणि घरात कुणी आजारी असेल तर खासगी दवाखान्याकडे धावण्याआधी कार्ड तपासा. नोकरी गेली म्हणून उपचार लगेच बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरलेले असतील तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात तुमचं आणि घरच्यांचं कार्ड तोवर चालायला हवं. कुणी परत पाठवलं तर अंशदानाचं ते पान छापून दाखवा.