अण्णानगरलाही जा

सप्रेम आशीर्वाद.

भोपाळच्या गॅसपीडितांवरच्या प्रबंधासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. नीटनेटकी आहे. पण ‘तुमचा आजार गॅसमुळेच झाला असं वाटतं का?’ हा पहिला प्रश्न काढ. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीपासून तिथल्या बायका हेच ऐकताहेत आणि विचारणाऱ्याच्या हातात नेहमी फॉर्म असतो. तुलाही फॉर्मातलंच उत्तर मिळेल.

माझं तसंच झालं होतं. धाप, खोकला, डोळ्यांची जळजळ असं मी विचारत गेले, समोरच्या बाई ‘हाँ’ म्हणत गेल्या. वही मिटली तशा त्या पाण्याची बादली उचलायला गेल्या आणि दोन पावलांत उंबऱ्यावर टेकल्या. बादली तिथेच. ते लिहायला माझ्याकडे रकानाच नव्हता.

मग आजार खरा कसा ठरवायचा? मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटातल्या मंडळींनी युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरची पाहणी केली, आणि सुमारे दहा किलोमीटरवरच्या अण्णानगरचीही. गरिबी दोन्हीकडे होती, तक्रारी मात्र जे. पी. नगरात कितीतरी जास्त निघाल्या. ‘हे टीबीचं, हे कुपोषणाचं’ म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. त्यामुळे अण्णानगरसारखी वस्ती तुझ्या यादीत हवीच. गॅसपीडितांच्या संघटनेच्या ताई तुला सगळ्यात आजारी घरं दाखवतील. जरूर जा, पण शेजारचं दारही वाजव. त्यात त्यांच्यावर अविश्वास नाही.

सोडियम थायोसल्फेट या सायनाइडवरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनचा वाद मुळातून वाच. त्याने बरं वाटलं, तर विष फुप्फुसांत न थांबता रक्तात गेलं असं मानावं लागलं असतं आणि मग कंपनीची जबाबदारीही वाढली असती. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ते द्यायला सांगितलं होतं, तरी ते देणाऱ्या, आंदोलनातल्या लोकांनी चालवलेल्या दवाखान्यावर जून १९८५ मध्ये पोलिसांची धाड पडली. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा इथे आहे, आंदोलनाच्या घोषणांत नाही.

भरपाईच्या वेळी बहुतेकांच्या वाट्याला ‘तात्पुरती इजा’ हा शेरा आला आणि सुरुवातीला २५ हजार रुपये. घरोघरी प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठ्या, एक्स-रे जपलेले दिसतील. कोणता कागद मिळालाच नाही, तेही विचार.

आणि पाळीबद्दल बोलायचं त्या दिवशी सोबत पुरुष सहकारी नको.

तुझी,
बाई